लग्न पाच महिन्यांवर, आठ व्हिनिअर बसवू का?

प्रिय डॉक्टर मावशी,
मी २६ वर्षांची आहे. भांडुपला राहते, लोअर परळला नोकरी करते. लग्न ठरलंय, पाच महिन्यांवर आलंय. माझे वरचे दात वाकडे आहेत. डावा सुळा हिरडीत वर चढल्यासारखा आहे, त्याच्या शेजारचा दात आत गेलाय आणि समोरच्या दोन मोठ्या दातांपैकी एक फिरून दुसऱ्यावर आलाय. लहानपणी तार लावायचं राहून गेलं, तेव्हा घर बाबांच्या एकट्याच्या पगारावर चालायचं. साखरपुड्याच्या एकाही फोटोत मी तोंड उघडून हसलेले नाही. होणाऱ्या सासूबाईंच्या बहिणी सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘लग्नात तरी मोकळी हस गं.’ अंधेरीच्या एका क्लिनिकमध्ये त्यांनी माझाच फोटो स्क्रीनवर सरळ दातांचा करून दाखवला. वरचे आठ पोर्सेलिन व्हिनिअर (दातांवर चिकटवायची पातळ कवचं), एका दाताचे १५ हजार, म्हणजे १ लाख २० हजार. दोन-तीन भेटींत काम, बिनव्याजी हप्ते. तारेला दीड-दोन वर्षं लागतील म्हणाले. (धाकटी बहीण म्हणते मी झोपेत दात खाते. ब्रश करताना कधीकधी रक्तही येतं, पण ते काही आजचं नाही.) आई म्हणते चांगले दात तासून घेऊ नकोस. होणारा नवरा म्हणतो तुला हवं ते कर. मी काय करू?
— स., भांडुप

स.,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं तू कंसात टाकलीयस. क्लिनिकमध्ये ती सांगितलीस का? त्यांनी विचारलं का? पत्रात तसं काही दिसत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या जबड्याचा जोर दिवसा जेवताना लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो, आणि तो आडवा, घासत लागतो. पोर्सेलिन दाबाला टिकतं, पण अशा घासण्याने त्याच्या कडेचा टवका उडतो, चीर जाते, कधी अख्खं व्हिनिअर सुटून हातात येतं. दात खाणाऱ्यांना व्हिनिअर बसवतच नाहीत असं नाही. बसवतात, पण आधी दातांच्या कडा किती झिजल्यात ते बघतात आणि नंतर रोज रात्री कडक अ‍ॅक्रिलिकचा नाईट गार्ड घालायला लावतात. महिना-दोन महिने नाही, व्हिनिअर आहेत तोवर. सकाळी उठल्यावर कानशिलाजवळ जबडा दुखतो का, गालाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ उठलीय का, एवढं स्वतः बघून ठेव.

आणि रक्त. ‘आजचं नाही’ म्हणजे हिरड्यांना जुनी सूज आहे. व्हिनिअरची कड हिरडीला लागून बसते. सुजलेल्या हिरडीजवळ माप नीट येत नाही, आणि चिकटवताना तिथे रक्ताचा थेंब आला की तो जोड कच्चा राहतो. त्यामुळे तू काहीही करायचं ठरव, अगदी काहीच न करायचं ठरव, पहिली भेट स्केलिंगची, म्हणजे दातांवरचा साठलेला थर काढून घ्यायची. मग दोन-तीन आठवडे नीट ब्रश आणि फ्लॉस करून रक्त थांबतंय का ते बघायचं. क्लिनिकने पहिल्याच दिवशी हिरड्यांकडे न बघता हप्त्यांचा कागद पुढे केला असेल, तर त्या क्लिनिकबद्दल माझं मत तुला कळलंच असेल.

आता व्हिनिअर. पोर्सेलिनचं साधारण अर्ध्या मिलिमीटरचं कवच, दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेलं. याचा जन्मच कॅमेऱ्यासाठी झाला. १९२८ च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी अशी कवचं बनवली. शूटिंगपुरती कवळीच्या पावडरने चिकटवायची, काम झालं की काढून ठेवायची. कायमची धरून ठेवेल असा चिकटा तेव्हा नव्हताच. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, आम्ल लावून ते खरखरीत केलं की रेझिनचा चिकटा त्याला घट्ट धरतो. पोर्सेलिनची आतली बाजूही आम्लाने खरखरीत करून चिकटवायची पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि तेव्हापासून व्हिनिअर टिकाऊ झाले.

हा इतिहास सांगायचं कारण एकच. हा सगळा टिकाऊपणा इनॅमलवर उभा आहे. त्याच्या खालच्या डेंटिनला चिकटवता येतं, पण तो जोड इनॅमलइतका भरवशाचा नसतो आणि दातही शिवशिवतो. वरच्या पुढच्या दातांवर इनॅमल किती असतं? टोकाकडे साधारण एक मिलिमीटर, हिरडीजवळ जेमतेम तीन ते पाच दशांश मिलिमीटर. आणि ते पुन्हा येत नाही. एकदा तासलं की गेलं.

मग वाकडे दात व्हिनिअरने ‘सरळ’ कसे होतात? होत नाहीत. मुळं हाडात जिथे आहेत तिथेच राहतात, फक्त समोरून दिसणारी बाजू एका रेषेत आणली जाते. आत गेलेल्या दातावर जाडी चढवायची, बाहेर आलेला तासायचा. तू रोज सेंट्रलने जातेस, तुला चौथ्या सीटची गोष्ट वेगळी सांगायला नको. तिघींच्या बाकावर चौघी बसल्या की एकीचा खांदा पुढे, एकीचा मागे होतो. तुझ्या वरच्या जबड्यात डावीकडे तेच झालंय. चौघींना एकसारखी ओढणी दिली म्हणून बाक लांब होत नाही.

तुझ्या तीन दातांकडे एकेक करून बघू. ‘आठ व्हिनिअर’ हे उत्तर तिघांनाही सारखंच लागू पडत नाही.

आत गेलेला दात व्हिनिअरसाठी सगळ्यात सोपा. त्यावर भर घालायची असते, त्यामुळे जवळजवळ न तासता, कधी अजिबात न तासता काम होतं. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे दात त्याच्या जागेत सरकलेत, म्हणजे समोरून दिसणारी रुंदी कमी. नुसती जाडी चढवली तर तो पुढे येईल, पण बारीकच दिसेल. शिवाय तोंड मिटताना खालचा दात त्याच्या पुढून जातो की मागून, हे बघावं लागतं. खालचा दात पुढून जात असेल तर तिथे भर घालायला जागाच नाही. घातली तर खालचा दात रोज तिच्यावर आपटेल.

फिरलेला दात मधल्या गटातला. त्याचा एक कोपरा पुढे आलाय, दुसरा मागे. पुढचा कोपरा तासायचा, मागच्यावर भर घालायची. थोडाच फिरलेला असेल तर हे इनॅमलमध्येच निभावतं. जास्त फिरलेला असेल तर त्या एका कोपऱ्यावर मिलिमीटरभर किंवा त्याहून जास्त तासावं लागतं, म्हणजे डेंटिन उघडं पडतं. त्याहूनही पुढे गेलं तर आतली नस दुखावते आणि चांगल्या दाताचं रूट कॅनल करायची वेळ येते. मग व्हिनिअर राहत नाही, कॅप होते, आणि कॅपसाठी दात चारी बाजूंनी तासावा लागतो.

तिसरा तुझा सुळा. इथे व्हिनिअर हरतं. सुळा वर चढलाय म्हणजे त्याच्याभोवतीची हिरडीही वर गेलीय. व्हिनिअर दाताचं टोक खाली आणू शकतं, हिरडी खाली आणू शकत नाही. परिणाम काय? शेजारच्या दातांपेक्षा डोळ्यात भरेल इतका लांब सुळा. हसताना तुझा वरचा ओठ हिरडीपर्यंत उचलला जात असेल तर फोटोत पहिली नजर तिथेच जाईल. शिवाय असा सुळा बहुधा बाहेरच्या बाजूला झुकलेला असतो, म्हणजे पुन्हा तासणं आलं. स्क्रीनवरच्या त्या फोटोत तुझी हिरडी कुठे दाखवली होती, आठवून बघ. सॉफ्टवेअरला हिरडी सरकवायला काही लागत नाही.

आता आठच का, सहा किंवा चार का नाहीत? कारण एक-दोन दात अगदी पांढरेशुभ्र केले की बाकीचे पिवळे दिसतात, म्हणून हसताना दिसणारे सगळेच झाकायचे. म्हणजे तुझे उजवीकडचे धडधाकट, सरळ दात फक्त रंग जुळावा म्हणून तासले जाणार. तुझी आई जे म्हणतेय ते इथे शब्दशः खरं आहे. आणि बोलताना खालचे दात जास्त दिसणाऱ्यांच्या बाबतीत वरचे आठ करूनही खालची ओळ चुगली करतेच.

वयाचा हिशोबही करून टाक. चांगल्या हाताने, चांगल्या इनॅमलवर बसवलेले व्हिनिअर दहा-पंधरा वर्षं सहज टिकतात, काहींचे त्याहून जास्त. तू सव्वीसची आहेस. चाळिशीच्या आसपास दुसरा संच, पन्नाशीत तिसरा. प्रत्येक वेळी जुनं काढताना दाताचा आणखी थोडा भाग जातो. १ लाख २० हजार हा पहिला हप्ता समज. तेव्हाचे दर काय असतील ते तेव्हा बघावं लागेल.

एवढं वाचून तुला वाटेल मावशी व्हिनिअरच्या विरोधात आहे. नाही गं. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे दातांवर तपकिरी डाग पडतात. खोलवरचे डाग ब्लीचिंगने जात नाहीत, तिथे व्हिनिअर माणसाला परत हसायला लावतात. लहानपणी टेट्रासायक्लिन हे औषध घेतल्यामुळे करडे पडलेले दात, जन्मतः बारीक टोकदार आलेला शेजारचा दात, पडल्यामुळे तुटलेला कोपरा, तार काढल्यावर उरलेली छोटी फट, या सगळ्याला व्हिनिअर उत्तम. किंचित वाकडेपणालाही चालतात. तुझा वाकडेपणा किंचित नाही, आणि त्यातला सुळ्याचा भाग व्हिनिअरचा नाहीच.

तो तारेचा आहे. ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा. म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस ज्यांनी दात सरळ करण्याच्या विषयात केलंय ते. अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, दातांचं माप आणि बाजूने एक फोटो एवढ्यावर ते सांगतील की जागा कशी करायची. दातांच्या मधून इनॅमलचा बारीक थर काढून भागेल की एखादी उपदाढ काढावी लागेल, हे फोटोवरून कोणीच सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. दीड-दोन वर्षं हा अंधेरीवाल्यांचा अंदाज चुकीचा वाटत नाही, तेवढं मान्य करते.

अलाइनरबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशीलच, जाहिराती सगळीकडे आहेत. ते पारदर्शक साचे दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात, जेवताना आणि चहा पिताना काढायचे, परत घालण्याआधी चूळ भरायची. ऑफिसमध्ये दिवसातून चार चहा होत असतील तर हे जमतं का ते आधी मनाशी ठरव. किरकोळ गर्दीला ते छान आहेत. पण वर चढलेला सुळा खाली ओढून आणणं त्यांना अवघड जातं, तिथे दाताला चिकटलेली तार जास्त भरवशाची. डॉक्टरला न भेटता घरी पार्सलने येणारे साचे तर घेऊच नकोस. तसा व्यवसाय करणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली आणि अर्धवट उपचार झालेली माणसं तशीच राहिली.

राहिला प्रश्न लग्नाचा. मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तुझ्या पत्रात बाकी सगळे निर्णय त्या तारखेने घेतलेत.

पाच महिन्यांत दोन गोष्टी शक्य आहेत. एक, आत्ताच तार लावायची, दातांच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटची (दातावर चिकटवलेले छोटे तुकडे, ज्यांतून तार जाते). पुढच्या दातांची फिरकी पहिल्या काही महिन्यांतच बरीच कमी होते. सुळा तोवर जागेवर येईलच असं नाही. लग्नाच्या दोन-तीन दिवसांपुरती मधली तार काढून ठेवणारे ऑर्थोडॉन्टिस्ट असतात, पहिल्याच भेटीत विचार. हळदीबद्दल एक सूचना: ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं घरच्या वरणाने, भाजीने पिवळी होतात. लग्नाच्या आदल्या भेटीत नवी घालून घे.

दुसरी वाट, लग्नापर्यंत तार नको. स्केलिंग, मग घरी रात्री घालायच्या साच्यातून दोनेक आठवडे ब्लीचिंग. ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबायचं, कारण लगेच काही चिकटवलं तर ते नीट धरत नाही. मग आत गेलेल्या दातावर, जागा असेल तर, न तासता थोडं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण. एका बैठकीचं काम, पोर्सेलिनच्या मानाने स्वस्त, पाचेक वर्षं टिकणारं, चहाने थोडं पिवळं पडणारं आणि नको झालं की पॉलिश करून काढता येणारं. फिरलेल्या दाताची टोकदार कड किंचित गोल केली तरी फोटोत फरक पडतो. हे सगळं ऑर्थोडॉन्टिस्टला विचारून, म्हणजे नंतरच्या तारेच्या आड येणार नाही.

मला विचारशील तर पहिली वाट. ट्रेनमध्ये बघ, आता चाळिशीतल्या बायकाही तार लावून बिनधास्त बोलत असतात. पण एक गोष्ट तू लिहिली नाहीस: सासर कुठे आहे? ठाण्याला असेल तर प्रश्न नाही. पुणे, नाशिक किंवा परदेश असेल तर उपचार मुंबईत सुरू करून अर्ध्यात डॉक्टर बदलणं त्रासाचं आणि खर्चाचं. दर चार-सहा आठवड्यांनी भेट असते. तसं असेल तर दुसरी वाट धर आणि तार तिथे गेल्यावर लाव. कुठेही लावलीस तरी तार निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, रात्री घालावाच लागतो, नाहीतर दात आपल्या जुन्या जागेकडे परत निघतात. तुझ्या दात खाण्यासाठी गार्ड लागणार असेल तर तोही दात हलून झाल्यावरच करायचा, आधी केलेला बसणार नाही.

पैशांसाठी हप्ते काढायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन ये. मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. एमडीएस करणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खाजगीच्या मानाने खर्च फारच कमी, पण सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं, प्रतीक्षायादीही असू शकते आणि ऑफिसातून सुट्ट्या काढाव्या लागतात. लोअर परळहून मुंबई सेंट्रल फार लांब नाही.

सासूबाईंच्या बहिणींच्या बोलण्यावर मी काही सुचवणार नाही. तुला स्वतःला मोकळं हसावंसं वाटतंय, हे कारण पुरेसं आहे आणि चांगलं आहे. त्यांच्यासाठी दात तासायचे नाहीत आणि त्यांना दाखवून द्यायला तार लावायची नाही.

आणि समज, हे सगळं वाचूनही तुला व्हिनिअरच हवे असतील. तुझे दात, तुझे पैसे. तर मग निदान एवढं कर. तासायच्या आधी मेणाच्या नमुन्यावरून तुझ्या दातांवर तात्पुरतं मॉकअप बसवायला सांग. स्क्रीनवर नाही, तोंडात. ते घालून घरी आरशात हस, बोल, सुळ्याच्या हिरडीकडे बघ. प्रत्येक दातावर किती मिलिमीटर तासणार आणि कुठला दात डेंटिनपर्यंत जाण्याची शक्यता आहे, हे विचार. उत्तर टाळलं तर उठून ये. करणाऱ्या डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक बघ. ब्युटी पार्लरमध्ये कोणी ‘तसलंच’ स्वस्तात लावून देतो म्हणालं तर ते कायद्यात बसत नाही. रंग निवडताना सगळ्यात पांढरी छटा घेऊ नकोस, आधी आपले दात ब्लीच कर आणि त्याला जुळणारी घे, कारण पोर्सेलिनचा रंग नंतर बदलत नाही. आठ नको, जिथे खरंच गरज आहे तेवढेच. आणि नाईट गार्डचे पैसे, पहिल्या वर्षात टवका उडाला तर दुरुस्ती कोण करणार आणि किती घेणार, हे दोन्ही त्याच कोटेशनवर लिहून घे, सहीसकट.

— डॉक्टर मावशी